वाचक विचारतात : नव्या गाडीची स्क्रीन, सेन्सर आणि सॉफ्टवेअर

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे गाड्यांचे प्रश्न वाढतात. यंदा त्यांतले बरेचसे प्रश्न गाडीतल्या स्क्रीनचे, कॅमेऱ्याचे आणि अपडेटचे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गाडी घेऊन चार महिने झाले. चालवताना स्क्रीन मध्येच गोठते, कधी काळी पडते आणि मिनिटभराने आपोआप सुरू होते. तीनदा वर्कशॉपला नेली. तिन्ही वेळा 'तपासले, दोष आढळला नाही' असे लिहून परत दिली. काय करावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आधी सुरक्षिततेचे बोलू. मधली स्क्रीन गोठली, पण स्टिअरिंगमागचे मीटर म्हणजे वेग, इंधन आणि धोक्याचे दिवे नीट दिसत असतील, तर गाडी चालवायला हरकत नाही. रिव्हर्स कॅमेरा तेवढा नाही असे समजून आरसे बघा, मान वळवून मागे घ्या. मात्र काही नव्या मॉडेलांत दोन्ही स्क्रीन एकाच संगणकावर चालतात. मीटरच काळे पडत असेल तर गाडी बाजूला लावा आणि कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन करा. वेग आणि ब्रेकचा दिवा दिसत नसताना फोंडा–पणजी रस्त्यावर गाडी हाकू नये.

गोठलेली स्क्रीन सुरू करायला बहुतेक गाड्यांत पॉवरचे किंवा आवाजाचे बटण १० ते २० सेकंद दाबून धरावे लागते. नेमके कोणते बटण ते मॅन्युअलमध्ये असते. यात तुमची सेटिंग पुसली जात नाहीत. 'फॅक्टरी रीसेट' ही वेगळी गोष्ट आहे, तिने सगळे पुसले जाते. ती इतक्यात करू नका.

आता 'दोष आढळला नाही' याबद्दल. वर्कशॉप खोटे बोलते असे दर वेळी नसते. इंजिन किंवा ब्रेकचा दोष कंट्रोल युनिटमध्ये कोड म्हणून नोंदला जातो आणि स्कॅनर लावला की दिसतो. स्क्रीनचे युनिट हँग होऊन स्वतःच पुन्हा सुरू झाले, तर असा कोड पुष्कळदा पडतच नाही. आतल्या लॉगमध्ये, म्हणजे युनिटच्या नोंदवहीत, नोंद होते, पण लॉगची जागा मर्यादित असल्याने नवी नोंद जुनीवर बसते. तुम्ही आठ दिवसांनी गाडी नेता तोवर पुरावा गेलेला असतो. म्हणून तो तुम्ही जमवायचा.

एक छोटी वही गाडीत ठेवा. दोष आला की तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, गाडी सुरू करून किती मिनिटे झाली होती, आधी उन्हात उभी होती का, फोन वायरने जोडला होता की बिनवायरचा, पेनड्राइव्ह होता का आणि स्क्रीनवर काय चालू होते, एवढे लिहा. लिहिण्यासाठी गाडी थांबवा. शेजारी कोणी असेल तर त्याला व्हिडिओ काढू द्या. सेटिंगमध्ये 'अबाउट' किंवा 'सिस्टिम माहिती' असे पान असते, तिथल्या सॉफ्टवेअर आवृत्तीचा फोटो घ्या.

मग कारण वेगळे काढायचे. पहिला आठवडा फोन जोडू नका, ब्लूटूथही नको, पेनड्राइव्ह काढून ठेवा, नुसता रेडिओ लावा. पणजी केंद्राचे १०५.४ लावून ठेवले तरी चालेल. या आठवड्यात स्क्रीन गोठली तर दोष युनिटचा, त्याच्या सॉफ्टवेअरचा किंवा वीजपुरवठ्याचा आहे, तुमच्या फोनचा नाही. इथेच अर्धा वाद मिटतो. गोठली नाही तर दुसऱ्या आठवड्यात फोन वायरने जोडा, तिसऱ्यात बिनवायरचा आणि शेवटी पेनड्राइव्ह. हजारो गाण्यांनी भरलेला पेनड्राइव्ह अनेकदा कारण निघतो. गाडी सुरू झाली की युनिट प्रत्येक फाइलची यादी करत बसते आणि एखादी बिघडलेली फाइल लागली की तिथेच अडकते.

गाडी उन्हात तापल्यावर पहिल्या १०–१५ मिनिटांतच दोष येत असेल तर ते आवर्जून लिहा. काचा बंद असलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ६०–७० अंशांपर्यंत तापू शकतो, आणि उष्णतेने ढिले पडणारे जोड थंड वर्कशॉपमध्ये पकडता येत नाहीत. अशा वेळी गाडी दुपारभर उन्हात उभी करूनच तपासायला सांगा.

चौथ्यांदा जाताना जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप भरते त्या कागदावर, तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'स्क्रीन प्रॉब्लेम' एवढे चालणार नाही. 'फोन न जोडता, सात दिवसांत पाच वेळा स्क्रीन काळी पडली, तारखा सोबत' असे हवे. कामाआधीची आणि नंतरची सॉफ्टवेअर आवृत्ती लिहायला लावा. या मॉडेलसाठी कंपनीने काही तांत्रिक सूचना काढली आहे का, असे थेट विचारा. कंपन्या डीलरांना अशा सूचना पाठवत असतात, पण गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय त्या क्वचितच पुढे येतात. शक्य असल्यास टेक्निशियनला शेजारी बसवून, ज्या वेळी दोष येतो त्याच वेळी फेरी मारा. आणि डॅशकॅम (रस्ता टिपणारा कॅमेरा) किंवा रंगीत दिवे बाहेरून बसवले असतील, तर त्यांची वायर मूळ वायरिंग कापून जोडली आहे का ते आधी पाहा. कापलेली असेल तर वॉरंटी नाकारायला तेवढे निमित्त पुरते. फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने, म्हणजे वायर न कापता फ्यूजच्या जागी बसणाऱ्या जोडाने, घेतलेली जोडणी केव्हाही बरी.

प्रश्न : फोन वायरने जोडला की नकाशा छान चालतो, पण खड्डा लागला की संपर्क तुटतो. बिनवायरचा जोडला तर वीस मिनिटांत फोन तापतो. गाडीचा दोष की फोनचा? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : बहुधा वायरचा. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. तुमच्या वायरीत त्या आहेत, नाहीतर फोन जोडलाच गेला नसता. पण टोकाशी ती ढिली झाली असावी. एक मीटरपेक्षा कमी लांबीची, डेटासाठीची चांगली वायर घ्या. ती गाडीच्या योग्य पोर्टमध्येच लावा. अनेक गाड्यांत दोन-तीन पोर्ट असतात, पण स्क्रीनशी जोडलेला एकच असतो आणि त्यावर यूएसबीचे किंवा फोनचे चिन्ह असते.

त्यानंतर फोनचे तोंड तपासा. खिशातला धागा-धूळ आत दाबून बसते आणि वायर पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई किंवा पिन घालू नका. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी गाडीच्या पोर्टमध्येही टॉर्च मारून पाहावे. खाऱ्या दमट हवेने पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. तो दिसला तर वॉरंटीत पोर्ट बदलून मागा, स्वतः काही फवारू नका.

एवढे करूनही तुटत असेल तर जोडणी दोन्हीकडून पुसा, म्हणजे गाडीतून फोन काढा आणि फोनमधून गाडी. मग नव्याने जोडा. एकाच बाजूने पुसले तर जुनी ओळख शिल्लक राहते आणि दोघांचे जमत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये अँड्रॉइड ऑटोला (फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) बॅटरी बचतीच्या यादीतून वगळा. आयफोनमध्ये सिरी चालू असल्याशिवाय कारप्ले (आयफोनची तीच सोय) चालत नाही, आणि मुलांसाठी स्क्रीन टाइमची बंधने घातली असतील तर त्यांतही कारप्ले अडकलेले असू शकते.

बिनवायरच्या जोडणीत ओळख ब्लूटूथवर होते आणि चित्र वायफायवरून जाते. त्या जोडीला जीपीएस, मोबाइल डेटा आणि खाली वायरलेस चार्जर असला की फोन तापणारच. तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि नकाशा अडखळतो. फोन चार्जिंगच्या पॅडवरून उचलून एसीच्या झोताजवळ ठेवा. फोनवर व्हीपीएन असेल तर तो बंद करून पाहा. नवरा-बायको दोघांचे फोन गाडीत नोंदलेले असतील तर प्राधान्य एकालाच द्या.

प्रश्न : घरचे माणूस बोटीवर कामाला असते. गाडी चार-पाच महिने गॅरेजमध्ये उभी राहिली. शेजाऱ्यांच्या गाडीला वायर लावून सुरू केली तर एबीएस, स्टिअरिंग, ट्रॅक्शन, टायर, असे सगळे दिवे एकदम लागले आणि स्क्रीनवर घड्याळही चुकीचे. गाडीचे एवढे भाग एकदम कसे बिघडले? (एक वाचक, नावेली)

उत्तर : बिघडले नसावेत. एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा दिवे लागले, तर पहिला संशय १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यायचा. आजच्या गाडीत डझनावारी छोटे संगणक असतात. व्होल्टेज घसरले की ते एकमेकांचे निरोप ऐकू शकत नाहीत, आणि प्रत्येक जण 'दुसरा उत्तर देत नाही' अशी तक्रार नोंदवतो. इलेक्ट्रिक गाडीतही हे संगणक छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच उठतात, त्यामुळे मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी पडून राहू शकते.

हिशेब करून पाहा. कुलूप लावून झोपलेली गाडीही चावीचा सिग्नल, अलार्म आणि मोबाइल ॲपचे सिम यांसाठी थोडी वीज खाते. ५० मिलिअँपिअरपर्यंत हे प्रमाण सर्वसाधारण मानतात. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी या दराने अर्धी व्हायला १९ दिवस लागतात. चार महिन्यांत ती कोरडी होते, आणि कोरड्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट चढून कायमची कमजोर होते.

मल्टिमीटर घ्या किंवा बॅटरीच्या दुकानात न्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ हवेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो, तेव्हा एका आकड्यावरून निकाल देऊ नका. वायर लावून सुरू केलेली गाडी वीस मिनिटे फिरवून बॅटरी भरत नाही. ४–५ अँपिअरच्या चार्जरवर ती १०–१२ तास ठेवावी लागते. चार्ज झाल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर ३० च्या वेगाने थोडे अंतर जा. एबीएस, ट्रॅक्शन, स्टिअरिंगचे दिवे बहुतेक वेळा आपोआप विझतात. टायरचा दिवा हवा भरून, मेनूमधून रीसेट केल्यावर जातो. एअरबॅगचा दिवा राहिला तर मात्र थेट वर्कशॉप. बाजारातले स्वस्त ओबीडी यंत्र, म्हणजे गाडीचे दोष-कोड वाचणारे यंत्र, लावून कोड पुसू नका. दोष तसाच राहील आणि त्याचा माग मात्र जाईल.

पुढच्या वेळी काय? आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करण्याची आपल्याकडे सवय आहे. तिने नुकसानच होते, कारण स्टार्टरने खाल्लेली वीज पाच मिनिटांत भरून निघत नाही. दर दहा दिवसांनी कोणी ३०–४० मिनिटे गाडी फिरवणार असेल तर उत्तम. नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा. गाडी बंद करा, बॉनेट उघडे ठेवा, १५ मिनिटे थांबून सगळे संगणक झोपू द्या, आणि १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्हच काढा. चावीतली लोखंडी किल्ली बाहेर ठेवा, कारण मग रिमोट चालणार नाही. मेंटेनन्स चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर, लावून ठेवणेही चालते, पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज येते-जाते आणि गडगडाटही असतो. घरात माणूस नसताना आम्ही तो सुचवणार नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत यातले काहीही मॅन्युअल वाचल्याशिवाय करू नका.

प्रश्न : चोर्ला घाट चढताना पावसात 'पुढचा रडार बंद' असा संदेश येतो आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद पडते. खाली उतरलो की पुन्हा सुरू. वर्कशॉपला नेऊ का? (एक वाचक, साखळी)

उत्तर : पाऊस किंवा धुके ओसरल्यावर संदेश जात असेल तर हा दोष नाही. ॲडासचा, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, रडार पुढच्या बंपरमध्ये किंवा कंपनीच्या चिन्हामागे असतो, आणि कॅमेरा काचेच्या वरच्या बाजूला आरशामागे. पाण्याचा सलग थर किंवा लाल चिखल रडारच्या लहरी अडवतो. धुक्यात कॅमेऱ्यालाच दिसत नाही. दिसत नाही हे गाडी कबूल करते, ते बरेच आहे.

रडारची जागा कोणती ते मॅन्युअलमध्ये पाहून ती साध्या पाण्याने आणि मऊ कपड्याने पुसत जा. प्रेशरचा पाइप अगदी जवळून मारू नका. त्या जागी स्टिकर, जादा बंपर गार्ड, मोठी नंबरप्लेटची चौकट नको. दसऱ्याला बॉनेटवरून सोडलेला झेंडूचा हार चिन्हासमोर लोंबकळला, तरी हाच संदेश येऊ शकतो. पूजा झाली की गाडी काढण्याआधी हार बाजूला घ्या. काचेला आतून वाफ धरली असेल तर एसी चालू ठेवून हवा पुढच्या काचेवर सोडा.

संदेश कोरड्या दिवशी, स्वच्छ गाडीत येत असेल तर गोष्ट वेगळी. बंपरला हलकासा धक्का बसून रडारचे ब्रॅकेट वाकले असेल, तर बाहेरून ओरखडाही दिसत नाही. पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणे, करावे लागते. काही गाड्यांत ते समोर फलक ठेवून होते, काहींत ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर ठराविक वेगाने चालवून. विम्यातून काच बदलताना कॅलिब्रेशनचा खर्च दाव्यात धरला आहे का, हे आधीच विचारा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही यंत्रणा मुख्यतः वाहने आणि माणसे ओळखण्यासाठी बनवलेली आहे. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर रात्री गुरे बसलेली असतात, त्यांच्यासाठी ती ब्रेक लावेलच असे अजिबात धरून चालू नका. डांबरावर बसलेली काळी म्हैस हेडलाइटमध्येही उशिरा दिसते.

प्रश्न : झुआरीवरून जाताना गाडीतल्या नकाशात माझी गाडी नदीत दिसते. (एक वाचक, काणकोण)

उत्तर : नकाशा जुना आहे. नव्या झुआरी पुलाची एक बाजू २०२२ च्या डिसेंबरात खुली झाली आणि दुसरी २०२३ च्या डिसेंबरात. त्याआधीचा नकाशा गाडीत भरलेला असेल तर त्याला फक्त जुना पूल ठाऊक. डीलरकडे नकाशाची आवृत्ती आणि मोफत अपडेटची मुदत विचारा. पेनड्राइव्हने करायचे असेल तर बहुतेक युनिटांना तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, हे लक्षात ठेवा. जुन्या रस्त्यांवरही गाडी शे-दोनशे मीटर बाजूला दिसत असेल तर डॅशकॅमची वायर काढून पाहा. स्वस्त डॅशकॅमचा चार्जर जीपीएसमध्ये व्यत्यय आणतो.

प्रश्न : स्क्रीनवर रोज 'अपडेट उपलब्ध' येते. एकदा सुरू केले ते मध्येच अडकले. करावे की टाळावे? (एक वाचक, वास्को)

उत्तर : करावे, पण वेळ पाहून. दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईला निघायचे असताना आदल्या रात्री करू नये. जिथे मोबाइलचे नेटवर्क चांगले आहे अशा उघड्या जागी गाडी लावा, तळघरातल्या पार्किंगमध्ये नको. आधी तास-दीड तास गाडी चाललेली असावी, म्हणजे बॅटरी भरलेली असते. व्होल्टेज कमी असले तर अपडेट सुरूच होत नाही किंवा थांबते. डाउनलोड फोनच्या हॉटस्पॉटवर करा. बसवण्याचे काम चालू असताना इग्निशन बंद-चालू करू नका, दारे उघडझाप नको.

अडकले तर तासभर हात लावू नका. नव्या युनिटांत पुष्कळदा दोन कप्पे असतात. नवे सॉफ्टवेअर दुसऱ्या कप्प्यात बसते आणि फसले तर गाडी जुन्यावर परत येते. तासाभरानंतरही हालचाल नसेल तर बटण दाबून रीस्टार्ट करा, मग डीलर. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंगचे अपडेट वर्कशॉपमध्येच करून घ्या आणि त्या वेळी बॅटरीला बाहेरून वीजपुरवठा लावलेला आहे ना, ते पाहा. कुठल्यातरी ग्रुपवर आलेली फाइल गाडीत घालू नका, चुकीच्या मॉडेलची फाइल युनिट कायमचे बंद पाडू शकते.

प्रश्न : दीड वर्षात एकाच तक्रारीसाठी पाच वेळा वर्कशॉप. युनिट बदलायला तयार नाहीत. कायदेशीर मार्ग आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आहे, आणि त्याला वकील लागतोच असे नाही. पाचही जॉब कार्डे, तारखांची वही आणि व्हिडिओ जमवा. डीलर आणि कंपनी दोघांना एकच ईमेल पाठवा, चेसिस नंबर, पाच भेटींच्या तारखा आणि मागणी लिहून १५ दिवसांची मुदत द्या. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे बऱ्याच तक्रारी कंपनीच्या वरच्या कार्यालयापर्यंत पोचून सुटतात.

न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आहे, दक्षिण गोव्याचा मडगावला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करू शकता, कंपनी कुठल्याही राज्यातली असो. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच पाहतो. शुल्क ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती 'बघू, करू' या आश्वासनांत घालवू नका. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा.

मागणी काय करावी याबद्दल आमचे मत : पूर्ण गाडी बदलून मागितली तर उत्पादनदोष सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. नुसत्या स्क्रीनच्या दोषावर ते अवघड जाते. नवे युनिट, त्या युनिटला वाढीव वॉरंटी आणि झालेल्या त्रासाची भरपाई, ही मागणी टिकते. वाढीव वॉरंटी विकत घेतली असेल तर तिच्या कागदात इन्फोटेनमेंटची (स्क्रीन आणि तिच्या युनिटची) मुदत वेगळी आहे का ते आजच वाचा.

प्रश्न : मोपा विमानतळाच्या रस्त्यावर ८० ओलांडले की गाडी बीप करते. हे बंद करून मिळेल का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना वेगाची सूचना सक्तीची आहे, ८० च्या वर थांबून थांबून आणि १२० च्या वर सतत. बाहेर कोणी वायर काढून देत असेल तर देऊ नका, त्याच वायरिंगवर इतर सूचनाही असतात.

प्रश्न : बॅटरी बदलल्यापासून ड्रायव्हरची काच एका दाबात वर जात नाही. मोटर गेली का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : मोटर ठीक आहे, काचेचे वरचे टोक कुठे आहे हे ती विसरली आहे. इंजिन चालू ठेवून काच पूर्ण खाली घ्या, मग बटण ओढून पूर्ण वर न्या आणि वर पोचल्यावरही पाच सेकंद तसेच धरून ठेवा. प्रत्येक एका दाबाच्या काचेला हे वेगळे करावे लागते. हे होईपर्यंत बोट अडकल्यावर काच आपोआप खाली येण्याची सोयही बंद असू शकते, म्हणून मुलांना तोवर त्या बटणापासून लांब ठेवा.